निगेटिव्ह अहवालानंतरची भीती

१९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून एचआयव्ही भारतात पोचल्याचं पहिल्यांदा कळलं. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा पहिला रुग्ण नोंदला गेला. पुढच्या चार दशकांचा इतिहास आपण लागणींचे आकडे, औषधं आणि कायदे यांच्या भाषेत लिहिला. या सगळ्या काळात आणखी एक माणूस तपासणी केंद्रांच्या बाकांवर येऊन बसत होता. त्याची नोंद रुग्ण म्हणून कधीच झाली नाही, कारण त्याला आजार नव्हता. कधीतरी एकदा, निरोध वापरून, तो वेश्यावस्तीत गेलेला असायचा. कुणी मसाज करून घेतलेला, कुणी नुसतं चुंबन घेतलेलं, कुणी मुखमैथुनानंतर घाबरलेला. लागण होण्याची शक्यता एक तर नव्हती किंवा नगण्य होती. तरी त्याची झोप उडालेली, जेवण तुटलेलं, संसारातून लक्ष गेलेलं. सरकारी रुग्णालयाच्या केंद्रात समुपदेशक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. आता मागे वळून पाहताना पॉझिटिव्ह आलेल्यांइतकीच ही निगेटिव्ह आलेली माणसं आठवतात.

ही भीती एचआयव्हीपेक्षा जुनी आहे. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत होते. घरात आणि दवाखान्यात जे विचारता येत नव्हतं, ते वाचक त्यांना पत्रानं विचारत आणि ते शांतपणे, शास्त्राच्या आधारानं उत्तर देत. तेव्हा धास्ती गरमीची आणि परम्याची असे. पुढे पेनिसिलिन आलं आणि त्या रोगांचा धाक ओसरला. ऐंशीच्या दशकात जो आजार आला, त्याला मात्र तेव्हा औषधच नव्हतं. मनात आधीपासून असलेल्या अपराधभावाला त्यामुळे नवं आणि फार भयंकर नाव मिळालं.

सुरुवातीच्या काळात सरकारही घाबरलेलंच होतं. गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. तो नियमित रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला होता. गोव्याच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला सक्तीनं वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस कोंडून ठेवलं गेलं. त्याची आई लूसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयानं ती तरतूद कायम ठेवली. बाहेर आल्यावर डॉमिनिकनं ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेची पायाभरणी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. अशी बातमी वाचणाऱ्या माणसाला धोका किती टक्के हे कळत नव्हतं. पोलीस येतात, कोंडतात, गावभर नाव होतं, एवढंच कळत होतं. नव्वदच्या दशकात माणसं न्हाव्याकडे स्वतःचं ब्लेड घेऊन जात, डास चावला तर काय होईल असं विचारत. हे अडाणीपणाचं लक्षण नव्हतं. खरी माहिती द्यायला कुणी समोर बसत नव्हतं.

मग भित्तिपत्रकं आली. त्यांवर लक्षणांची यादी असे: वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट, महिन्याहून जास्त काळ ताप, महिन्याहून जास्त काळ जुलाब. ही लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये, रक्ततपासणीची सोय नसलेल्या भागांतल्या डॉक्टरांसाठी ठरवली होती. आमच्याकडे ती घाबरलेल्या माणसाच्या हाती पडली. मुंबईच्या रेल्वे फलाटांवर तेव्हा वजनाची यंत्रं होती. नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एका माणसानं अशा तिकिटांची गड्डी रबर लावून माझ्या टेबलावर ठेवली होती. मागे तारखा पेन्सिलीनं लिहिलेल्या. वजन खरंच उतरत गेलं होतं. तो जेवतच नव्हता.

त्याहून जास्त छळ केला तो ‘विंडो पीरियड’नं, म्हणजे लागण झाली तरी तपासणीत दिसत नाही त्या काळानं. सुरुवातीच्या एलायझा चाचण्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधायच्या आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून सल्ला असे: तीन महिन्यांनी या, मग खात्रीसाठी सहा महिन्यांनी या. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे तो बरोबर होता. पण सहा महिने म्हणजे किती, हे ज्यानं काढले त्यालाच ठाऊक. ठरलेली लग्नं पुढे ढकलली जात. नवरा बायकोजवळ जायचा थांबे आणि कारण सांगत नसे. बायकोला वाटे, हा आपल्याला विटला. मूल खेळायला मांडीवर आलं तर बाप त्याला खाली उतरवी. आज चौथ्या पिढीच्या चाचण्या विषाणूचं प्रतिजन आणि शरीराची प्रतिपिंडं दोन्ही शोधतात. प्रयोगशाळेतली अशी चाचणी साधारण ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर तिच्यावर भरवसा ठेवता येतो. बोटातून रक्त घेऊन केलेल्या झटपट चाचणीसाठी तीन महिने धरतात. पण ‘सहा महिने’ हा जुना आकडा लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. कुणी मित्र, कुणी नातेवाईक तो सांगतो आणि निवांत झालेला माणूस पुन्हा केंद्राच्या दारात उभा राहतो.

२००२ च्या अखेरीस मुंबईभर फलक लागले. बलबीर पाशा नावाच्या काल्पनिक माणसाला एड्स होणार का, असा प्रश्न त्यांवर होता. लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर लोक त्याच्याविषयी बोलू लागले. माझं मत विचाराल तर त्या काळात असं बोलणं काढणं आवश्यकच होतं. महाराष्ट्र सर्वाधिक लागण असलेल्या राज्यांपैकी होता. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांनी उभी केलेली ‘वॅम्प’ निरोधाचं काम घरोघर करत होत्या, तेही आवश्यक होतं. प्रश्न एवढाच की भीतीचा संदेश कुणापर्यंत पोचतो हे आपल्या हातात नसतं. एकदाच, तेही निरोध वापरून गेलेला कारकून त्यानं हादरला. नेहमी जाणारा, निरोध न वापरणारा माणूस आपल्याला काही होत नाही म्हणून पुढे गेला.

आणि ज्यांना खरा धोका होता, त्यांना भीती वाटायची संधीच मिळाली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी शंभरात तेरा-चौदा जणी एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेकींचा संबंध आयुष्यात एकाच पुरुषाशी आलेला, तो म्हणजे नवरा. गरोदरपणी तपासणीला येऊन अहवाल हातात पडेपर्यंत अशा बायकांना काही कल्पना नसे. ‘पण मी तर कुठंच गेले नाही’ हे वाक्य ऐकल्यावर त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून कुणी ‘तिच्या हाताला घाम होता, त्यातून होईल का?’ असं विचारलं की मन घट्ट करावं लागे. दोघांचं दुःख खरंच असतं. एकाचं वजन दुसऱ्यावर टाकता येत नाही.

१ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखून धरणारी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. त्याआधी २००१ मध्ये सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला होता, त्यामुळे हे शक्यतेच्या कक्षेत आलं. जी माणसं खाटेवरून उठणार नाहीत असं वाटत होतं, ती चालत आमच्याकडे गोळ्यांचा डबा दाखवायला येऊ लागली. २००७ मध्ये देशातल्या बाधितांचा अंदाजच सुमारे अर्ध्यावर, २५ लाखांवर आला. २०११ मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष हाती आला, त्यात पुण्याचीही जोडपी होती. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. युरोपातल्या पुढच्या अभ्यासांनी २०१६ आणि २०१९ मध्ये दाखवलं की उपचारानं रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झालेल्या माणसाकडून निरोध न वापरताही लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण झाली नाही, एकालाही नाही.

एवढं सगळं बदललं. घाबरलेला माणूस बदलला नाही.

तो आता फोन घेऊन येतो. फोनमध्ये स्वतःच्या जिभेचे फोटो असतात, सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. ‘मॅडम, हा पांढरा थर कालपेक्षा वाढलाय ना?’ मानेखालच्या गाठी दाबून दाबून त्यानं सुजवलेल्या असतात. चाचणीच्या पट्टीवर एकच रेघ उमटते, म्हणजे निगेटिव्ह. तो पट्टी मागून घेतो, खिडकीपाशी नेतो, फोनची बॅटरी लावून दुसरी पुसट रेघ शोधतो. मी त्याला शोधू द्यायची. मग विचारायची, ‘दिसली?’ तो ‘नाही’ म्हणायचा आणि खुर्चीत बसून रडायचा. आठवडाभर बरं जायचं. मग फोन यायचा: रक्त माझंच होतं ना? नावांची अदलाबदल झाली नसेल? निरोधाला बारीक छिद्र असेल तर?

इथे मनाचं काम कसं चालतं हे समजून घेतलं पाहिजे. शंका आली की अस्वस्थता वाढते, चाचणी केली की उतरते. मन एवढंच शिकतं की सुटका चाचणीतच आहे. म्हणून पुढच्या शंकेला पुन्हा चाचणी हवी होते आणि प्रत्येक दिलासा आधीच्यापेक्षा कमी टिकतो. चौथा, पाचवा निगेटिव्ह अहवाल औषध नसतो, तो त्या भीतीच्या आजाराचाच भाग झालेला असतो. काही खासगी प्रयोगशाळा अशा माणसाला दर वेळी मोठ्या तपासण्यांचं पॅकेज देतात. हे थांबायला हवं.

आकडे त्याला सांगावेत, पण नीट सांगावेत. बाधित रक्त चढवलं गेलं तर दहातल्या नऊंहून अधिक जणांना लागण होते. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या स्त्रीशी निरोधाशिवाय योनीसंबंध आला तर पुरुषाला धोका दर दहा हजार वेळांमागे सुमारे चार. स्त्रीला याच्या दुप्पट. गुदसंबंधात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला तो कितीतरी जास्त, दहा हजारांत सुमारे १३८. हे सरासरी आकडे आहेत. गुप्तरोगाची जखम असेल किंवा समोरच्याच्या रक्तात विषाणू फार असेल तर ते वाढतात, म्हणून निरोधाला पर्याय नाही. मुखमैथुनातून धोका अत्यल्प. चुंबन, घाम, अश्रू, मिठी, मसाज, एकच ताट यांतून लागण होत नाही. निरोध वापरला आणि तो फाटला नाही, तर त्यानं आपलं काम केलेलं असतं.

पण ज्याला आकड्यांनी बरं वाटतं, तो एका भेटीत बरा होऊन जातो. परत परत येणाऱ्याचा प्रश्न विषाणूचा नसतोच. तिसऱ्या-चौथ्या भेटीत दार लावून घेतलं की खरं बाहेर यायचं: बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मी असं केलं. वडील माळकरी आणि मी असं केलं. शिक्षा व्हायला हवी आणि होत नाही, म्हणून तो ती रक्तात शोधत राहतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या तरुण मुलांत हे आणखी खोल असे, कारण त्यांना त्यांच्या असण्याचंच पाप वाटायला लावलेलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. त्यानंतर यातली काही मुलं केंद्रात खरं नाव सांगू लागली. हा बदल मला फार मोठा वाटतो. त्याच महिन्यात एचआयव्ही कायदाही लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही आणि अहवाल गुप्त, हे आता कायद्यानं बंधनकारक आहे.

केंद्रातले समुपदेशक आजही कंत्राटी आहेत. अशा माणसासाठी तासभर बसायला त्यांना वेळ मिळत नाही, तो मिळायला हवा. आणि निगेटिव्ह अहवालानंतरही न सुटणाऱ्या भीतीला मानसोपचाराची वाट दाखवणं हे केंद्राचं नेमून दिलेलं काम व्हायला हवं. ओसीडी, म्हणजे तीच शंका पुन्हा पुन्हा छळण्याचा आजार, आणि चिंतेच्या आजारावर औषधं आहेत, शंका आली तरी तपासायला न धावण्याचा सराव करून घेणारी उपचारपद्धती आहे आणि माणसं त्यातून बरी होतात.

हे वाचणाऱ्यांत असा कुणी असेल तर त्याला सांगते. निरोध फाटला, वापरलाच नाही किंवा तुमच्यावर बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. लागण टाळणारी २८ दिवसांची औषधं असतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं. तसं काही नसेल तर योग्य मुदतीनंतर सरकारी केंद्रात एकदा मोफत तपासणी करा, अहवाल घ्या आणि त्यावर विश्वास ठेवा. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. अहवाल निगेटिव्ह असूनही झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुन्हा रक्त देऊ नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.