यंत्राची घरघर आणि कानातली शिट्टी

टीव्ही, इन्व्हर्टर किंवा मोटारीचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या टेबलावर ऑसिलोस्कोप नावाचे यंत्र असते. आम्ही डॉक्टर ईसीजीवर हृदयाची लहर पाहतो, तशी विजेची लहर त्याच्या पडद्यावर दिसते. या यंत्रात आणि शेजारच्या पॉवर सप्लायमध्ये आतली उष्णता बाहेर फेकणारा लहानसा पंखा बसवलेला असतो. नवा असताना तो नुसता सूं-सूं करतो; धूळ बसली, बेअरिंग झिजले की घरघरू लागतो. दिवसभर त्या घरघरीशेजारी बसणारे कारागीर मला विचारतात, ‘‘डॉक्टर, याने बहिरेपणा येईल का?’’

नाही येणार. कानाला इजा होण्याची भीती साधारण ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकला तर सुरू होते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेवढा आवाज आहे असे समजावे. यंत्राचा पंखा त्याच्या पुष्कळ खाली असतो. मात्र एकसुरी आवाज दिवसभर कानावर पडला, की संध्याकाळी डोके जड होते, चिडचिड होते, बारीक कामात लक्ष लागत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांना नाजूकपणा म्हणून हसू नये.

खरा धोका आडवाटेने येतो. पस्तिशीचा एक कारागीर माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, यंत्र बंद केलं तरी आवाज येतोच. रात्री उशीवर डोकं टेकलं की शिट्टी वाजते.’’ मी विचारले, ‘‘दिवसभर कानात काय असतं?’’ ‘‘गाणी. पंख्याचा आवाज नको होतो, म्हणून इअरफोन लावतो.’’ पंख्यावर मात करण्यासाठी गाणे मोठे, त्याची सवय झाली की आणखी मोठे! कानाच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकणे कमी झालेले निघाले. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ही नेहमीची खूण.

याचा हिशेब सोपा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८५ ला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन. आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. इअरफोन तिथपर्यंत सहज पोहोचतो. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून गाण्याचा आवाज कमी करायचा, तर आधी पंखा गप्प करायला हवा.

पण पंख्याची वायर काढून टाकणे हा उपाय नव्हे. काही जण तसे करतात, काही यंत्रावर जाड कापड टाकतात. आतले कपॅसिटर उष्णतेला फार भितात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. ताप आलेल्या माणसाला गोधडीत गुंडाळण्यासारखाच हा प्रकार.

यंत्र न उघडताही बरेच साधते. ते भिंतीला चिकटवून ठेवू नये, वीतभर जागा सोडावी. पोकळ लाकडी टेबल हे तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखे असते, लहानसा थरथराट मोठा करते. पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवले की निम्मी कुरकुर तिथेच थांबते. तळाची हवेची भोके मात्र बुजवू नयेत. यंत्र कानाजवळून हातभर मागे सरकवले तरी फरक कळतो.

उघडण्याचे काम जाणकारानेच करावे, हे मी डॉक्टर म्हणून बजावतो. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो आणि जुन्या काचेच्या नळीच्या ऑसिलोस्कोपमध्ये काही हजार व्होल्ट असतात. धूळ झाडायची ती अंगणात, नाकाला फडके बांधून. दमेकऱ्याने त्या वाटेला जाऊच नये. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरावीत, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जाते. बेअरिंगमध्ये तेलाचा थेंब सोडला की आवाज थांबतो खरा, पण थोडेच दिवस. त्यापेक्षा पंखा बदलावा. नवा घेताना माप, व्होल्ट आणि हवा फेकण्याची क्षमता जुन्याइतकीच पाहावी, आणि जुना हवा आत ओढत होता की बाहेर फेकत होता हे काढण्याआधी लिहून ठेवावे. वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, पण हवाही निम्मीच होते. म्हणून वेग उतरवायचाच, तर थोडा, आणि नंतर यंत्र तापते का ते पाहून.

त्या कारागिराने पंखा बदलला, इअरफोन काढून कोपऱ्यात रेडिओ ठेवला. डोकेदुखी थांबली. शिट्टी कमी झाली, पूर्ण गेली नाही. रात्री पूर्ण शांततेत ती जास्त ऐकू येते, म्हणून मीच त्याला सांगितले आहे, की झोपताना छताचा पंखा चालू ठेव.

शिट्टीबरोबर एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर मात्र पंख्याला दोष देत बसू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच गुण येण्याची आशा जास्त असते. कानात तेल घालून आठवडा घालवलेले रुग्ण अजूनही येतात.