नेपथ्य आणि वातावरण

नाटकाच्या जाहिरातींत नाटककार, दिग्दर्शक आणि नट यांच्या नांवांखालीं 'नेपथ्य' असा एक शब्द असतो आणि त्याच्यापुढें एखाद्या कलावंताचें नांव असतें. प्रयोग पाहून घरीं परतणारा प्रेक्षक मात्र बहुधा म्हणतो, 'वातावरण काय सुरेख उभें केलें होतें!' हीं एकाच गोष्टीचीं दोन नांवें आहेत काय? बोलतांना आपण हे शब्द तसे वापरतों खरे. परंतु त्यांच्यांतील अंतर जरा बारकाईनें पाहिलें, तर रंगभूमीबाहेरही उपयोगी पडावें असें कांहीं हातीं लागतें.

प्रथम नेपथ्य हा शब्द घेऊं. रंगमंचावर दिसणाऱ्या भिंती, दारें, खिडक्या, जिना, अंगण या सर्वांना आज आपण नेपथ्य म्हणतों. संस्कृतांत या शब्दाचा संबंध प्रामुख्यानें नटाच्या देहाशीं होता. अमरकोशानें त्याला वेष आणि प्रसाधन यांच्याच पंक्तीला बसविलें आहे. नट जेथें सजत, ती रंगपीठामागील जागा म्हणजे नेपथ्यगृह. भरताच्या नाट्यशास्त्रांत मध्यम प्रमाणाचें लांबट नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलें आहे. त्याचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हां दोन भाग करून पुढचा रंगाला आणि मागचा नेपथ्यगृहाला द्यावयाचा. म्हणजे सबंध इमारतीचा चौथा हिस्सा प्रेक्षकांच्या दृष्टीआड चालणाऱ्या कामासाठीं राखलेला होता! याच जागेंतून येणाऱ्या आवाजासाठीं संस्कृत नाटककार 'नेपथ्ये' अशी सूचना लिहितात, आणि आपल्या जुन्या मराठी नाटकांत तिच्याच जागीं 'पडद्यांत' असें छापलेलें असे.

आहार्य अभिनयाचें विवेचन करतांना भरतानें नेपथ्याचे चार प्रकार सांगितले आहेत: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. पुस्त म्हणजे डोंगर, रथ, विमान इत्यादींच्या बनविलेल्या प्रतिकृति; अलंकार म्हणजे माळा, दागिने आणि वस्त्रें; अंगरचना म्हणजे अंगाला व चेहऱ्याला लावावयाचे रंग; आणि संजीव म्हणजे रंगावर येणारे प्राणी. चारांपैकीं दोन प्रकार तर सरळ नटाच्या अंगावरच चढतात. दागिने हलके असावेत, जड दागिन्यांच्या भारानें नट थकतो, इतका व्यवहारी सल्लाही भरत देऊन ठेवतो.

मग स्थळ कोण दाखवीत असे? कवीचे शब्द आणि नटाचे हात. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ धांवतो, तो राजाच्या व सारथ्याच्या बोलण्यांत आणि अभिनयांत; शकुंतला झाडांना पाणी घालते, तें हावभावांनीं. रंगावर एक फेरी घातली कीं पात्र दुसऱ्या ठिकाणीं पोंचलें, असा संकेत होता आणि तो प्रेक्षकांना मान्य होता. आपल्याकडील दशावतारी खेळांत ही रीति आजही पाहावयास मिळते. तेथें एक लांकडी बाक असतो. तोच सिंहासन होतो आणि तोच प्रसंगीं डोंगरही होतो.

विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांही देखाव्याचा बडेजाव नव्हता. पुढें इंग्रजी आणि पारशी मंडळ्यांचे रंगविलेले पडदे लोकांच्या डोळ्यांत भरले आणि मराठी मंडळ्यांनींही राजवाडे, उपवनें, रस्ते रंगवून घेण्यास आरंभ केला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं असे पडदे रंगवीत असत. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें. त्यांत रंगीत पडद्यांऐवजीं खऱ्या दिवाणखान्यासारखी मांडणी होती. या सर्व प्रवासांत नेपथ्य हा शब्द नटाच्या अंगावरून उतरला आणि त्याच्या भोंवतीं जाऊन उभा राहिला. मागें राहिलेल्या कामांना मग स्वतंत्र नांवें मिळालीं: कपड्यांना वेशभूषा आणि चेहऱ्याच्या रंगाला रंगभूषा.

नेपथ्याचे शेजारी शब्दही पाहण्यासारखे आहेत. 'देखावा' डोळ्यांसाठीं असतो, आणि म्हणूनच त्याला थोडा संशयाचा वास येतो; 'त्यानें रडण्याचा देखावा केला' असें आपण म्हणतों. 'आरास' या शब्दाला असा वास मुळींच नाहीं, कारण ती कोणाच्या तरी सन्मानासाठीं मांडलेली असते. गणपतीपुढें घरीं आपण करतों ती आरास. सार्वजनिक मंडपांत एखादी कथा पुतळ्यांनीं दाखविली कीं तो देखावा. 'सजावट' या दोहोंहून साधी. ती केवळ शोभेची, तिला सन्मानाचें किंवा कथेचें बंधन नाहीं.

आतां भोंवतालच्या शब्दांकडे वळूं. 'परिसर' हा जमिनीवरचा शब्द आहे. तो पायांनीं चालून पाहतां येतो. आळंदीचा परिसर, किल्ल्याचा परिसर असें म्हणतां येतें. 'शोकाचा परिसर' असें म्हटलें तर कानाला खटकतें. 'आसमंत' त्याहून विस्तीर्ण आणि अंमळ काव्यमय; तो बहुधा नादानें किंवा गंधानें भरतो. 'पार्श्वभूमि' या शब्दाची गंमत अशी, कीं पार्श्व म्हणजे वस्तुतः बाजू, बरगडीची कड. तरी मराठींत जें पाठीमागें असतें, तें आपण पार्श्वभूमि म्हणून ओळखतों. हा शब्द स्थळापेक्षां काळाकडे अधिक झुकतो: दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर एखादा निर्णय झाला, म्हणजे आधीं जें घडलें त्याच्या संदर्भांत झाला. 'माहोल' अरबींतून आलेला. 'जें भोंवतीं आहे तें' एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण मराठींत येतांना तो मैफलीची रंगत बरोबर घेऊन आला. 'पर्यावरण' शास्त्राचा आणि कायद्याचा शब्द झाला आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्याच्या नांवांतच तो आहे. हवा, पाणी, जमीन आणि जीवमात्र यांचा परस्परसंबंध त्यांत येतो.

'वातावरण' या सर्वांहून निराळें. वात म्हणजे वारा आणि आवरण म्हणजे आच्छादन. पृथ्वीभोंवतींचा हवेचा थर हा त्याचा शब्दशः अर्थ. तेथून तो मनाकडे आला, आणि येतांना हवेचे गुण घेऊन आला: दिसत नाहीं, पण त्याचा दाब जाणवतो. नेपथ्य सुतार, रंगारी आणि कलावंत मिळून बांधतात. वातावरण मात्र प्रयोग चालू असतां नट आणि प्रेक्षक यांच्यामध्यें निर्माण होतें. मरणाच्या प्रसंगासाठीं उत्तम नेपथ्य उभारलेलें असावें आणि नट नेमकें वाक्य विसरून कोणीतरी फिसकन हंसावें. भिंती जागच्या जागीं असतात, वातावरण मात्र गेलेलें असतें. उलट दशावतारांतील त्या एका बाकावर सबंध पुराणकाळ अवतरतो. नभोवाणीवरील श्रुतिकेला तर डोळ्यांनीं पाहण्याचें नेपथ्य नसतेंच. दाराची एक करकर आणि पावसाची सर एवढ्यावर श्रोता आपल्याच घरांत बसून दुसरें घर उभें करतो.

या भेदाचें महत्त्व रंगभूमीपुरतेंच नाहीं. नेपथ्य म्हटलें कीं नेपथ्यकार आला, त्याचें नांव आलें आणि जबाबदारीही आली. वातावरण या शब्दाला कर्ता लागत नाहीं. 'गांवांतलें वातावरण बिघडलें', 'सभेंत वातावरण तापलें', 'घरांतलें वातावरण बरें नाहीं', अशीं वाक्यें आपण पावसापाण्याविषयीं बोलावें तशीं सहज बोलतों. आभाळ आपोआप भरून येतें. पण गांव आपोआप बिघडत नाहीं. कोणीतरी अफवा उठविलेली असते, कोणीतरी भित्तिपत्रक चिकटविलेलें असतें, कोणीतरी ठरवून घोषणा दिलेली असते. घरांतही कोणीतरी कठोर शब्द बोललेला असतो आणि कोणीतरी गप्प राहिलेलें असतें. अशा वेळीं वातावरण हा शब्द ज्याचें नांव घ्यावयाचें त्याच्यावर पांघरूण घालतो. म्हणून तो वापरूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. मैफलीच्या, प्रार्थनेच्या, दुःखाच्या प्रसंगीं त्याच्यावांचून आपलें अडेल. परंतु वर्तमानपत्रांत किंवा घरच्या बोलण्यांत 'वातावरण बिघडलें' असें कानांवर आलें, म्हणजे एक प्रश्न विचारण्याची संवय असावी: येथें नेपथ्य कोणाचें?