डोंगरावरचे जंगल आणि पेठेतला माल

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या मारुती रोडवर आणि गणपती पेठेत शिरले. माझ्या दुकानातले खालचे दोन्ही कप्पे बुडाले. साड्या, चादरी, अस्तराचे तागे, सारे चिखलात गेले. विमा आगीचा होता, पुराचे कलम घेतले नव्हते. ती चूक माझीच. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. तेव्हापासून मी विचार करू लागलो की, या पाण्याचा हिशेब सुरू कुठे होतो?

व्यापारी बंधूंनो, तो सुरू होतो डोंगरावर. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला तिला कोयना मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी राखलेले हे जंगल आपल्या नद्यांचे पाणलोटही आहे. तिथला पालापाचोळा पाणी मुरवतो, मुळे माती धरतात. डोंगर उघडा पडला की माती वाहून धरणात आणि नदीत गाळ साचतो.

आता हवामान बदलते आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. एवढ्या पावसापुढे जंगल एकटे पूर थांबवू शकत नाही, हे खरे. परंतु जंगल नसेल तर नुकसान वाढते, हेही तितकेच खरे.

दुसरे संकट आगीचे. उन्हाळा कडक झाला की गवत लवकर वाळते. त्यात नवे गवत चांगले येते या समजुतीने लोक डोंगर पेटवतात आणि कोवळी रोपे जळतात. म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, एकाच जातीच्या झाडांऐवजी जांभूळ, हिरडा, अंजनी अशी इथली झाडे वाढवणे आणि पाणवठे राखणे, ही कामे वनखात्याने व गावांनी मिळून केली पाहिजेत.

हे होऊ शकते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य हे माणसांनी उभे केलेले जंगल. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९८५ मध्ये त्या सुमारे अकरा चौरस किलोमीटर जागेला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाऊस कमी, जमीन खडकाळ. तरी चराई रोखली, झाडे जगवली आणि डोंगर हिरवा झाला.

यात आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. बागवानांची फळे, विट्याच्या मागावरचे कापड, मिरजेच्या कारागिरांच्या सतारीचे लाकूड, सारे पावसावर आणि जंगलावरच उभे आहे. तेव्हा माल वरच्या कप्प्यात ठेवा, विम्यात पुराचे कलम घाला. आणि व्यापारी संघाच्या बैठकीत कर, उधारी यांच्याबरोबर एकदा डोंगराचाही विषय काढा. दोनचार गावांच्या जाळरेषांची मजुरी आपण वर्गणीतून देऊ शकतो. एका पुरात भिजलेल्या मालापुढे तो खर्च किरकोळ आहे.