न्हाणीघरातील फेरफार आणि दुरुस्तीचा भार

कोल्हापुराहून हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उजळाईवाडीचा विमानतळ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत यांच्या सान्निध्यात वसलेले गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव आहे. आणि ज्या गावाच्या शेजारी कारखाने व फौंड्र्या उभ्या राहतात, त्या गावात परसदारी मोकळी जागा असलेल्या गृहस्थाने तिच्यावर चार खोल्या चढवून त्या भाड्याने द्याव्यात, हे क्रमप्राप्तच असते. अशा खोल्या बांधताना मालक आपल्या स्वतःच्या सवयीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे सोय करतो: एक मोरी, एक नळ, शहाबादी फरशी आणि संडासात देशी भांडे. त्या खोलीत राहावयास येणारे कुटुंब मात्र आपल्या गरजा बरोबर घेऊन येते. एखाद्या घरी गुडघे धरलेले वृद्ध वडील असतात, एखाद्या घरी थंडीच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला जाणारा मुलगा असतो; मग कमोड, गिझर, शॉवर यांचे विचार सुरू होतात, आणि भाडेकरू एके दिवशी मालकाच्या सोप्यात येऊन विषय काढतो.

"मालक, बाबांचं गुडघं लई धरल्यात, खाली बसता येत न्हाई, तेवढा कमोड बसवून घेऊ काय?"

"घ्या की बसवून. खर्च तेवढा तुमचा."

असा संवाद कोणत्याही भाड्याच्या घरात घडू शकतो, आणि त्यात उभयपक्षी सौजन्यच आहे. परंतु पुढे दीड-दोन वर्षांनी खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते, पोपडे सुटू लागतात, आणि तेव्हा "खर्च तेवढा तुमचा" या तीन शब्दांचा अर्थ कोणता, यावर दोन सज्जन एकमेकांशी बोलेनासे होतात. मालकाच्या मते त्या न्हाणीघरातील यापुढची प्रत्येक दुरुस्ती भाडेकरूच्या माथी गेली. भाडेकरूच्या मते कमोड विकत घेऊन बसविण्याचा खर्च देताच त्याचे देणे संपले. माझ्या मते दोघेही चुकतात. फेरफार करण्यास दिलेली संमती ही एक गोष्ट आहे आणि फेरफारानंतरच्या दुरुस्तीचा भार ही अगदी निराळी गोष्ट आहे; पहिलीचा उच्चार केल्याने दुसरीचा निकाल लागत नाही.

कायद्याची भूमिका पाहू गेल्यास आधी एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, तो त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या, जुन्या भाडे कायद्यांखाली आलेल्या आणि सरकारने अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांनाच लागू पडतो. तो जेथे पोहोचत नाही तेथे १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आधाराला असतो, आणि त्याच्या कलम १०८ मध्ये पट्टा देणारा व पट्टा घेणारा यांचे परस्पर हक्क व कर्तव्ये सांगितली आहेत. तीही, विरुद्ध करार किंवा स्थानिक वहिवाट नसेल तरच. शहराच्या वेशीबाहेरच्या गावातील माणसाने म्हणून वकिलाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच की, आमचे घर यांपैकी कोणत्या छत्राखाली येते.

१९९९ च्या कायद्याचे कलम १४ भाडेकरूला बरेच अनुकूल आहे. भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसेल, तर जागा राहण्याजोगी सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने रास्त मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र अशी वळती करावयाची रक्कम कोणत्याही एका वर्षी त्या वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. महिना ४,००० रुपये भाडे धरले तर वर्षाचे ४८,००० होतात, आणि भाडेकरूच्या हाती १२,००० रुपयांची मर्यादा येते. या खर्चाचे हिशेब आणि पावत्या भाडेकरूने ठेवल्या असतील तर त्या मालकावर बंधनकारक ठरतात, असेही त्याच कलमात आहे. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातली जी पावती आपण खिशात चुरगाळून टाकतो, तीच येथे मुख्य दस्तऐवज होय.

१८८२ चा कायदा इतका उदार नाही. त्यात मालकाने दुरुस्ती केलीच पाहिजे असा सरसकट दंडक नाही. जी दुरुस्ती करण्यास तो बांधलेला आहे ती त्याने नोटिशीनंतर रास्त मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च सव्याज भाड्यातून कापावा, एवढेच तो म्हणतो. उलट भाडेकरूकडून त्याची अपेक्षा स्पष्ट आहे: नित्य वापराची झीज आणि अनिवार्य आपत्ती वगळता, जागा जशी मिळाली तशी सांभाळावी व परत करावी, आणि भाडेकरूच्या, त्याच्या नोकराच्या अथवा त्याने नेमलेल्या माणसाच्या कृतीने किंवा हयगयीने दोष उत्पन्न झाला, तर मालकाची नोटीस आल्यापासून तीन महिन्यांत तो दूर करावा. भाडेकरूने बोलावलेला प्लंबर या दृष्टीने भाडेकरूचाच माणूस धरला जाण्याचा संभव असतो. "ते प्लंबरनं बिघडवलं, मी काय करू" हे उत्तर म्हणून फारसे टिकत नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम १०८ च्या आरंभी मालकावरही एक बंधन आहे. जो दोष मालकाला ठाऊक आहे, जो सामान्य दक्षता बाळगूनही नवख्याच्या दृष्टीस पडणार नाही, आणि जो जागेच्या नियोजित वापरात महत्त्वाचा आहे, तो त्याने आधी सांगितला पाहिजे. भिंतीत गाडलेली जुनी लोखंडी नळी गंजून पोखरली आहे हे माहीत असून जो मालक गप्प राहतो, त्याला पुढे "तुमच्या शॉवरनं नळी फुटली" असे म्हणण्याचा अधिकार कितपत उरतो, हे वाचकांनीच ठरवावे.

आता एक गैरसमज, जो थोडाफार कायदा वाचलेल्या भाडेकरूंतच विशेष आढळतो. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये, फरशा बदलणे किंवा गॅलरी बंद करणे ही इमारतीची हानी समजू नये, असे स्पष्टीकरण आहे. आणि मालकाच्या लेखी संमतीविना कायमचे बांधकाम केल्यास ताबा घेता येतो हे सांगताना, लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी पाडलेली खिडकी, वातानुकूलन यंत्र अशी कामे 'कायमचे बांधकाम' या संज्ञेतून वगळली आहेत. यावरून भाडेकरू अनुमान काढतो की, न्हाणीघराच्या फरशा मी बदलल्या तर मला कोणी काही म्हणू शकत नाही. वस्तुतः त्या तरतुदीचा अर्थ एवढाच की, तेवढ्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येणार नाही. फरशी बदलताना खालचा जलरोधक थर फुटला आणि खालच्या खोलीत पाणी गळू लागले, तर त्याची भरपाई ही स्वतंत्र बाब आहे, आणि बेदखलीपासून मिळालेले संरक्षण म्हणजे तिच्यापासून मिळालेली माफी नव्हे. कायमचे बांधकाम कशास म्हणावे, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली वेंकटलाल पित्ती विरुद्ध ब्राइट ब्रदर्स या मुंबईच्या प्रकरणात केला आहे: जोडकाम कोणत्या रीतीने आणि कितपत पक्के केले, करणाऱ्याचा हेतू काय होता, आणि इमारतीला इजा न पोहोचता ते काढता येते काय, असे प्रश्न तेथे महत्त्वाचे मानले गेले. या कसोट्या लावल्या तर आट्यांवर बसविलेला शॉवर किंवा जेट स्प्रे कोणत्याही अर्थाने बांधकाम ठरू नये. जमीन फोडून, चौथरा उचलून, सांडपाण्याची वाट फिरवून केलेले काम मात्र वादास पात्र आहे.

परंतु खरा तंटा कायद्याच्या अर्थावर क्वचितच होतो. तो होतो कारणावर. ओल आली ती नव्या सांध्यामुळे की जुन्या नळीमुळे? येथे प्लंबिंगचे थोडे ज्ञान वकिलाच्या नोटिशीपेक्षा अधिक उपयोगी पडते. देशी भांडे काढून कमोड बसविताना भोवतालची फरशी आणि तिच्याखालचा कोबा फोडावा लागतो. त्या कोब्यातच पाणी अडविण्याची तजवीज असते, आणि ती एकदा तुटल्यावर वरून नुसते पांढरे सिमेंट भरून जुळत नाही. शिवाय झिरपलेले पाणी सरळ खाली उतरत नाही. ते स्लॅबच्या अंगाने वाट शोधत जाते आणि मूळ दोषापासून कित्येक फूट दूर, भलत्याच कोपऱ्यात, छतावर उमटते. म्हणून "ओल बरोबर तुमच्या कमोडखाली आहे" किंवा "ती तर कमोडखाली नाहीच" हे दोन्ही युक्तिवाद सारखेच पोकळ आहेत.

त्यापेक्षा पाण्याचा स्वभाव पाहावा. पुरवठ्याच्या नळीत पाणी सदैव दाबाखाली असते, त्यामुळे तिची गळती रात्रंदिवस, कोणी नळ उघडो वा न उघडो, चालू राहते. सांडपाण्याच्या नळीची किंवा फरशीची गळती न्हाणीघराचा वापर झाल्यावर वाढते आणि घर बंद असताना ओसरते. सगळे नळ रात्री बंद करून टाकीची पातळी खुणेने पाहिली, तरी पहिल्या प्रकाराचा छडा बहुधा लागतो. दुसऱ्यासाठी मोरीचे तोंड बंद करून जमिनीवर इंच-दोन इंच पाणी साठवावे आणि एक-दोन दिवस राखावे; संशय कमोडच्या सांध्यावर असेल तर त्यात रंग मिसळून पाणी ओतावे. ही चाचणी दोघांच्या समक्ष झाली, तर निम्मे भांडण तेथेच मिटते. गळती जुन्या पुरवठ्याच्या नळीतून निघाली तर ती कालमानाची झीज होय, आणि खोलीत कमोड नवा आहे एवढ्याने ती भाडेकरूची होत नाही. नव्या सांध्यातून निघाली तर मालकाने कितीही आनंदाने परवानगी दिली असली तरी ती मालकाची होत नाही.

शॉवरची आणि गिझरची गोष्ट अशीच आहे. गच्चीवरच्या टाकीतील पाणी शॉवरच्या तोंडापासून तीन मीटर उंच असेल तर त्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३ किलो एवढाच पडतो. तेवढ्याने पावसासारखी धार येत नाही म्हणून कोणी पंप जोडतो, आणि त्या नव्या दाबाने वर्षानुवर्षे निमूट चाललेला जुना सांधा सुटतो. सांधा जुना होता हे खरे, पण दाब नवा होता हेही खरे. अशा प्रसंगी खर्च वाटून घेणे मला न्याय्य वाटते. २,००० वॉटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर विद्युत्प्रवाह मागतो. तो पंख्या-दिव्यासाठी असलेल्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर चालवून वायर जळाली, तर ते पाप मालकाच्या माथी मारू नये.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमाच्या मसुद्यात दुरुस्त्यांची वाटणीच दिली आहे: इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती आणि जरूर तेव्हा नळ्या बदलणे मालकाकडे, नळाचे वॉशर, नळ, संडासाचे भांडे, बेसिन, गिझर यांची दुरुस्ती आणि मोरी साफ करणे भाडेकरूकडे. तो नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याखेरीज त्याने कोणी बांधला जात नाही. तथापि ज्यांच्या करारात याविषयी अवाक्षर नाही त्यांनी ही वाटणी उतरून घेण्यास हरकत नाही.

आणि करार हाच शेवटी कळीचा दस्तऐवज ठरतो. आजकाल बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करतात. त्या व्यवहारात राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. वर सांगितलेले कलम १४ चे किंवा कलम १०८ चे कवच त्याला सहसा लाभत नाही, आणि कागदावर जे असेल त्यावरच त्याची भिस्त राहते. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही ही समजूतही, १९९९ चा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात, खोटी आहे: कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी केली नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी संमतीवर विसंबणाऱ्या मालकाने हे विशेष लक्षात ठेवावे. रागाच्या भरात वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करणाऱ्यानेही कलम २९ वाचावे; योग्य कारणाविना भाडेकरूचे पाणी तोडणे त्याने निषिद्ध केले आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसू लागले आहे, पण कमोडच्या सांध्यासाठी तेथवर जाण्याची हौस कोणास नसावी. त्याऐवजी काम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर मालकाने आणि भाडेकरूने सह्या कराव्यात: काय बदलणार, काम कोण करणार, खालचा जलरोधक थर पुन्हा कोण घालणार, त्या वस्तूची पुढची दुरुस्ती कोणाकडे, तिच्यामुळे इतरत्र झालेले नुकसान कोणाकडे, आणि घर सोडताना वस्तू कोणाची. कामाआधीच्या आणि कामानंतरच्या छायाचित्रांवर तारीख असावी. एवढे केले तर अनामत रकमेतून किती कापायचे यावर निघताना घासाघीस होत नाही.

घर सोडतानाचा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. कलम १०८ प्रमाणे पट्टेदाराला स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात, जागा मूळ स्थितीत आणून देण्याच्या अटीवर. परंतु हा हक्क ताबा त्याच्याकडे असेतोवरच चालतो. किल्ली दिल्यावर चार दिवसांनी गिझर न्यायला आलेल्याला मालक दारातूनच परतवू शकतो. कमोडच्या बाबतीत तर हक्क असूनही उपयोग नसतो, कारण तो उचलायचा म्हणजे देशी भांडे पुन्हा बसवून कोबा नव्याने घालायचा, आणि त्याचा खर्च कमोडच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून तो बहुधा तेथेच राहतो, आणि नवे कुटुंब खोली पाहावयास आले की मालक न्हाणीघराचे दार उघडून तोच अगत्याने दाखवतो व भाड्यात पाचशे रुपये वाढवून सांगतो.