गर्भाची लिंगव्यक्ती : अंतःस्रावांचे कार्य व वैद्यांचे कर्तव्य

गर्भ ‘व्यक्त’ होण्यापूर्वी पुंसवन विधी करावा, असे चरक व वाग्भट या आचार्यांनी सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन ‘दुसऱ्या महिन्यात मुलासाठी औषध द्या’ अशी विनंती करणारी दांपत्ये आजही आम्हा वैद्यांकडे येतात. म्हणून गर्भाची लिंगव्यक्ती कशी होते, याचा विचार येथे करीत आहोत.

शरीराची घडण

गर्भाचे गुणसूत्रीय लिंग फलनाच्या क्षणीच ठरते. तथापि सहाव्या आठवड्यापर्यंत स्त्रीगर्भ व पुरुषगर्भ रचनेने सारखेच असतात. दोहोंत मुलर व वुल्फ या नलिकांच्या जोड्या असतात. वाय गुणसूत्रावरील ‘एसआरवाय’ जनुक (शोध १९९०) सुमारे सातव्या आठवड्यात वृषणनिर्मितीस चालना देते. वृषणांतील एका स्रावाने मुलर नलिका लोप पावतात, म्हणजेच गर्भाशय बनत नाही. दुसऱ्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या स्रावाने वुल्फ नलिकांपासून शुक्रवाहिन्या बनतात. त्यापासूनच तयार होणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बाह्य जननेंद्रियांस पुरुषाकार देते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी सशाच्या गर्भातील वृषण काढून टाकले, तेव्हा नर गर्भाचीही घडण मादीसारखी झाली (१९४७).

अधिवृक्क ग्रंथीची विकृती

मग बाहेरून पुरुषी स्राव दिल्यास मुलीचा मुलगा होईल काय? याचे उत्तर एका जन्मजात व्याधीत मिळते. अधिवृक्क ग्रंथीतील २१-हायड्रॉक्सिलेज या विकराच्या अभावी कॉर्टिसॉल बनत नाही व पुरुषी स्राव अतिप्रमाणात वाढतात. अशा स्त्रीगर्भाचे बाह्यांग पुरुषासारखे दिसू लागते. परंतु बीजकोश व गर्भाशय अबाधित राहतात. स्रावांनी आकार बदलतो, बीज बदलत नाही.

मेंदूवरील परिणाम

१९५९ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांत, गर्भावस्थेत टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या माद्यांचे प्रौढपणीचे लैंगिक वर्तन बदललेले आढळले. मानवात वरील व्याधी असलेल्या मुलींना सरासरीने मुलग्यांच्या खेळांची आवड अधिक दिसते. तरीही त्यांतील बहुसंख्य स्वतःस स्त्रीच मानतात. मानवी मन केवळ स्रावांनी घडत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आमचे कर्तव्य

पहिले असे की, पुत्रप्राप्तीसाठी औषध देऊ नये. ते गर्भाचे लिंग बदलू शकत नाही. त्यात अंतःस्रावासारखे कार्य करणारे द्रव्य असल्यास मात्र घडणीच्या नाजूक काळात गर्भास अपाय संभवतो. शिवाय १९९४ च्या कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीनुसार लिंगनिवडीच्या हेतूने काहीही देणे हा गुन्हा आहे.

दुसरे अधिक तातडीचे. नवजात बालकाचे जननांग संदिग्ध असेल, अथवा ‘मुलगा’ म्हटलेल्या बालकाचे दोन्ही वृषण हातास लागत नसतील, तर ‘पुढे पाहू’ म्हणू नये. या व्याधीच्या तीव्र प्रकारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वांती, शोष व क्षारक्षय होऊन बालक दगावू शकते. मुलग्यांत बाह्य चिन्ह सहसा नसते. म्हणून या वयातील वांती व घटते वजन केवळ दुग्धदोष समजू नये. रक्तातील सोडियम, पोटॅशियम व १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तपासण्यासाठी बालकास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. हायड्रोकॉर्टिसोनची चिकित्सा आजन्म घ्यावी लागते; ती आपल्या औषधांसाठी थांबवू नये. वेळेवर पाठविलेले बालक वाचते, यातच वैद्याचे यश आहे.