खेळणाऱ्याची खुर्ची

दिवाळीत एका जुन्या स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्यात मुले आभासी खेळाचा चष्मा डोळ्यांवर चढवून उड्या मारीत होती. त्यांचा नातू मात्र विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवर कडेला बसून भावंडांचे गुण मोजत होता. "आजोबा, याला दोन्ही हात मोकळे लागतात. माझा एक हात खुर्ची चालवतो ना!" तो सहज म्हणाला.

मला आमच्या शाखेच्या पाच पायऱ्या आठवल्या. व्हीलचेअर वापरणारे एक व्यापारी खातेदार खालीच थांबत. शिपाई स्लिपा घेऊन त्यांच्याकडे जाई आणि ही आपली उत्तम सेवा, असे मी मानीत असे. त्यांना आत यावेसे वाटत असेल, हे कधी मनातही आले नाही.

खेळांच्या रचनेतही अशा पायऱ्या असतात. चष्म्याचा पट्टा खुर्चीच्या डोके टेकण्याच्या उशीला अडतो. खेळ चटकन बाजूला सरकायला सांगतो. जड खुर्चीला वळायला जागा आणि थांबायला अंतर लागते. 'मिक्स्ड रिॲलिटी'च्या खेळात खरी खोली दिसत राहते व तिच्यातच काल्पनिक वस्तू उमटतात. खुर्ची चालवणाऱ्याला दाराची चौकट, मध्येच धावत येणारे लहान मूल दिसते, म्हणून सर्व बाजूंनी बंद चष्म्यापेक्षा हा प्रकार मला अधिक आश्वासक वाटतो.

पण खरा प्रश्न खुर्चीकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात कॅथ्रिन गर्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'किनेक्टव्हील्स' ही प्रणाली रचली. तिचे वर्णन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅमेरा खुर्चीची हालचाल टिपतो. खुर्ची पुढे गेली, मागे आली, वळली, की तीच खेळाला दिलेली आज्ञा! हातात वेगळे यंत्र धरण्याची गरज उरत नाही.

मैदानावर तर हे आधीच सिद्ध झाले आहे. पॉवरचेअर फुटबॉलमध्ये बास्केटबॉलच्या मैदानावर चार-चार खेळाडू ३३ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूशी झुंजतात. खुर्चीच्या पुढे बसवलेले संरक्षक कवच हाच खेळाडूचा पाय. खुर्ची गर्रकन फिरवून चेंडू मारायचा. वेगमर्यादा ताशी १० किलोमीटर. पहिला विश्वचषक २००७ मध्ये टोकियोत झाला.

हे सारे मी त्या मुलाला फोनवर सांगितले. त्याची कल्पना तयारच होती: आजोबांच्या रिकाम्या गोदामाच्या गुळगुळीत फरशीवर काल्पनिक पोती उगवावीत आणि खुर्चीने ती वेळेत दाराशी पोहोचवावीत. "दादालाही खुर्चीत बसवून खेळवीन," तो म्हणाला, "मग गुण त्याने मोजायचे."