राष्ट्राची ओळख : वेष आणि शील
(भूतानच्या अनुभवाच्या निमित्ताने)

राष्ट्राची ओळख कशात असते, हा प्रश्न स्थिर काळात सहसा कोणी विचारीत नाही. समाज बदलू लागला, तरुण पिढी परक्या भाषेत शिकू लागली, घरोघरी परदेशी चित्रे दिसू लागली, म्हणजे तो उभा राहतो. आणि मग त्याचे उत्तरही पुष्कळदा घाईने दिले जाते. बौद्ध परंपरेच्या देशांपैकी भूतानने या प्रश्नाचा विचार फार जाणीवपूर्वक केला. त्या विचारात गौरवास्पद असे पुष्कळ आहे, तसेच दुःखदही आहे. दोन्ही बाजू समोर ठेवल्यावाचून त्यातून काही बोध घेता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

इ. स. १६१६ मध्ये तिबेटातून आलेले द्रुक्पा परंपरेचे धर्मगुरू शब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी हिमालयाच्या निरनिराळ्या खोऱ्यांतील लोकांना एका सत्तेखाली आणले. त्यांनी बांधलेले 'झोंग' म्हणजे एकाच वास्तूत किल्ला, कचेरी आणि विहार. तेथे भिक्षूंनी व अधिकाऱ्यांनी कसे वागावे, याचे जे नियम रूढ झाले त्यांस 'द्रिग्लाम नामझा' असे म्हणतात. वडीलधाऱ्यांसमोर कसे उभे राहावे, भोजन कसे वाढावे व कसे स्वीकारावे, भेट कशी द्यावी, खांद्यावरचे उपरणे कसे घ्यावे, अशा गोष्टी त्यात येतात. पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा 'घो' आणि स्त्रियांची घोट्यापर्यंतची 'कीरा' हा या शिष्टाचाराचा वेष होय. म्हणजे मुळात ही आचारपद्धती होती. वेष हा तिचा एक भाग होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जीवनाची चौकट झपाट्याने बदलली. १९६१ साली भारताच्या साहाय्याने पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. रस्ते आले, शाळा आल्या, शाळांतून इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले. १९७१ साली भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. दोन महाकाय शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या या लहानशा देशाला आपल्या अस्तित्वाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. त्यातच १९७५ साली शेजारच्या सिक्कीमचे राजपद संपुष्टात येऊन ते राज्य भारतात विलीन झाले. सिक्कीममध्ये नेपाळी भाषकांची संख्या बहुसंख्य झालेली होती. भूतानच्या दक्षिण भागातही नेपाळी वंशाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. भूतानच्या राज्यकर्त्यांची भीती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हे वेगळे सांगावयास नको.

या भीतीतून पुढील पावले टाकली गेली. १९८५ च्या कायद्याने नागरिकत्वाच्या अटी कडक केल्या. ३१ डिसेंबर १९५८ पूर्वीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा ही त्यातील एक कसोटी ठरली. १९८८ च्या जनगणनेत या कसोटीने दक्षिणेतील अनेक कुटुंबे परकी ठरली. १९८९ साली राजाज्ञेने द्रिग्लाम नामझाचे पालन आणि राष्ट्रीय वेष सर्वांवर बंधनकारक झाला, आणि त्याच वर्षी शाळांतून नेपाळी भाषेचे शिक्षण बंद झाले. १९९० साली दक्षिणेत निदर्शने झाली, हिंसाचार झाला, धरपकड झाली. त्यानंतर सुमारे एक लक्ष लोक पूर्व नेपाळमधील छावण्यांत जाऊन राहिले. हे लोक बेकायदा आलेले अथवा स्वेच्छेने गेलेले होते, असे शासन म्हणत राहिले. आम्हांला आमच्या घरांतून हुसकावले, असे छावण्यांतील लोक म्हणत राहिले. दोन्ही देशांत वाटाघाटींच्या अनेक फेऱ्या झाल्या, परंतु छावण्यांतील लोकांना परत नेण्याचा मार्ग निघाला नाही. २००८ पासून त्यांपैकी एक लक्ष तेरा हजारांहून अधिक लोक अमेरिका आदी आठ देशांत वसविण्यात आले.

येथे विनयपिटकातील एका प्रसंगाचे स्मरण होते. महावग्गात सोण कुटिकण्ण याची कथा आहे. तो अवंती देशाचा. तेथे भिक्षूंची संख्या इतकी थोडी होती की, उपसंपदेसाठी आवश्यक असलेले दहा भिक्षू जमविण्यास महाकच्चान स्थविरांना तीन वर्षे लागली. पुढे सोण भगवंतांच्या दर्शनास श्रावस्तीला गेला, तेव्हा आचार्यांनी त्याच्यासोबत काही विनंत्या पाठविल्या. अवंती-दक्षिणापथाची भूमी काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली. म्हणून तेथे अनेक थरांच्या तळव्याची पादत्राणे चालावीत. तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात. म्हणून वारंवार स्नानास अनुमती असावी. तेथे चामड्याची अंथरुणे वापरतात, तीही चालावीत. उपसंपदा पाच भिक्षूंच्या गणाने व्हावी. भगवंतांनी या विनंत्या मान्य केल्या.

हा दक्षिणापथ म्हणजे आमच्याच बाजूचा प्रदेश. म्हणून ही कथा आम्हांस विशेष जवळची वाटते. परंतु तिचे मर्म त्याहून मोठे आहे. मध्यदेशाचे नियम सीमेवरच्या भूमीवर लादले गेले नाहीत. भूमी पाहून नियम सैल केले गेले. तरी संघ एकच राहिला. त्याची एकता पादत्राणांच्या थरांत नव्हती, शीलात होती. भूतानमध्ये उलट घडले. थंड खोऱ्यांतील जाड वेष दक्षिणेच्या उष्ण प्रदेशात सक्तीचा झाला. जी आचारपद्धती मनुष्याला नम्र करण्यासाठी होती, ती मनुष्याची पारख करण्याचे साधन बनली.

आमच्या मते दोष वेषात नाही. विणकराच्या हातची कीरा हे त्या देशाचे अस्सल वैभव आहे आणि ते जपलेच पाहिजे. दोष आहे तो ओळखीला 'अत्ता' मानण्यात. म्हणजे ती नित्य, अखंड आणि अपरिवर्तनीय अशी वस्तू आहे, असे धरण्यात. अशा वस्तूला प्रत्येक बदल शत्रू वाटतो, आणि मग निराळी भाषा बोलणारा शेजारीही शत्रू वाटू लागतो. वास्तविक राष्ट्र हेही प्रतीत्यसमुत्पन्न आहे. भूतानमध्येच सुमारे एकोणीस भाषा बोलल्या जातात. त्यांच्या सहवासातूनच तो देश घडला आहे.

भूतानने पुढे काही अंशी हे ओळखले असावे. २००८ च्या संविधानाने बौद्ध धर्माला देशाचा आध्यात्मिक वारसा म्हटले, तरी धर्म राजकारणापासून अलग राहील असे सांगितले. संस्कृती ही विकसित होत जाणारी गतिमान शक्ती आहे, हेही मान्य केले. देशाची साठ टक्के भूमी सदैव वनाच्छादित राहील, असा त्यात दंडक आहे. 'सकल राष्ट्रीय आनंद' मोजण्याच्या नऊ क्षेत्रांत सांस्कृतिक वैविध्याला स्थान आहे. जीवनपद्धती रक्षण करण्याचा हा मार्ग वेषाच्या सक्तीहून निश्चितच श्रेष्ठ आहे.

तथापि परीक्षा संपलेली नाही. १९९९ साली दूरदर्शन व इंटरनेट आले. गेल्या काही वर्षांत हजारो सुशिक्षित तरुण ऑस्ट्रेलियाला निघून गेले आहेत. त्यांना थांबविण्याचे सामर्थ्य कोणत्याही वेषात नाही. देशात राहण्याजोगे काम आणि मान मिळाला, तरच ते थांबतील. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेतील गेलेफू येथे एक नवे नगर वसविण्याची घोषणा झाली. ज्या दक्षिणेतून इतकी कुटुंबे गेली, तेथेच हे नगर उभे राहावयाचे आहे. त्या नगरात गेलेल्यांच्या आप्तांना कोणते स्थान मिळते, यावरून भूतानची ओळख जगाला कळेल.

वेष पेटीत ठेवता येतो आणि सणाला काढता येतो. शीलाचे तसे नाही. ते रोज, शेजाऱ्याशी वागतानाच दिसते. समाज कितीही बदलला तरी जे टिकवावयाचे ते हेच होय.